प्रसादाचा पेढा

थेरपीच्या खोलीबाहेर लोणी काळभोरच्या सासू-सून माझ्या शेजारी बसल्या होत्या. नातीचा चांगला उजवा हात प्लास्टरमध्ये होता. अधू डावा मांडीवर.

“आत्या,” सून सासूला म्हणाली, “खरं सांगा. मी कामावर असताना हिला तुम्ही भरवत होता?”

“मग पोरीला उपाशी ठेवू व्हय?”

“अहो, अधू हात वापरावा म्हणून तर चांगला बांधलाय! पंधरा दिवसांत एकदाही उचलला नाही. आता डॉक्टरांना काय सांगू?”

“एकदा उचलला हुता.”

“काय? कधी?”

“सोमवारी. पेढ्यासाठी आपणहून पुढं केला.”

“मग बोलला का नाहीत?”

“प्रसादाचा पेढा हुता. मी म्हणलं, डाव्या हातात प्रसाद घेत न्हाईत, बाळा.”

“मग?”

“मग तिनं हात मागं घेतला. तवापासनं मांडीवरच हाय.”