पहिला नग देवाचा

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. आधी मला सांगा — ज्याचा देवावर पूर्ण भरवसा आहे, त्यानं भ्यावं की भिऊ नये? ‘भिऊ नये’ — पुढची रांग कशी पटकन बोलली! मागचे काका मात्र गप्प. काकांनी मुलीचं लग्न केलेलं दिसतंय!

तर ऐका. कुपवाडच्या एमआयडीसीत रघुवीर पोतनीस नावाच्या गृहस्थांचा प्लास्टिकच्या सामानाचा लहानसा कारखाना. माणूस मोठा भाविक. त्यांच्याकडे एक रीत — नव्या मालाचा पहिला नग देवाचा. हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात. विकायचा नाही, तपासायचाही नाही. देवाच्या वस्तूची परीक्षा घ्यायची असते का?

एके दिवशी घडीचे पाळणे करून विकणाऱ्या सुशीलाताई निंबकर आल्या. पाळणा टांगायला त्यांना प्लास्टिकचे शंभर आकडे हवे होते. पण पहिले दोन गुरुवारीच हवेत. शनिवारी नातवाचं बारसं, घरचाच पाळणा मिरवायचा!

आता आली पंचाईत. वाटा दोन. एक — लोखंडी साचा कापायचा, त्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून भरायचं. आकडा एकजीव होतो, पण साच्याला तीन आठवडे. दुसरी — थ्री-डी प्रिंटर. जिलबी घालावी तसा प्लास्टिकचा धागा फिरतो, थरावर थर चढतो, दोन दिवसांत काम तयार. तुम्ही काय निवडलं असतं? तेच रघुवीररावांनी निवडलं.

तीन आकडे निघाले. देखणे! साचे कापण्यात हयात गेलेल्या गुलाबचाचा मुजावरांनी एक उचलून उजेडात धरला.

“मालक, ही पापडांची चळत आहे. वरून दाबा, काही होत नाही. ओढली की सुटते. एक मोडून बघू.”

“चाचा, दोन ताईंचे, एक देवाचा. देवाचा नग मोडू म्हणता?”

चाचांनी आकडा हळूच खाली ठेवला. “मग पाळण्यात कोण झोपणार आहे, तेवढं त्याला विचारा.”

रघुवीररावांनी ताईंच्या आकड्यांना पाच मिनिटं पोतं टांगून पाहिलं. टिकले. दिले पाठवून! आणि तिसऱ्यावर, देव्हाऱ्याच्या चौकटीला, त्यांनी पितळी घंटा टांगली. मन निर्धास्त.

शनिवार उजाडला. दुपारच्या आरतीला डोळे मिटून त्यांनी घंटेकडे हात नेला — हाताला काहीच लागेना. डोळे उघडले. घंटा खाली तबकात! अर्धा आकडा चौकटीला, अर्धा घंटेला. मधून सपाट फाटलेला, थरावरून थर निघालेला. खाली समईची ऊब, वर घंटेचं ओझं, दोन दिवसांची ओढ. बस.

मंडळी, तसलेच दोन आकडे त्या घडीला ताईंच्या पाळण्याला होते! फोन लावला. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. बारशाच्या घरात फोन कोण ऐकतो? चपला तिथंच राहिल्या, स्कूटर काढली. वाटेत रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी चाललीय सावकाश. रघुवीररावांच्या कानात गाडीचा आवाज नाहीच — पाळण्याची करकर ऐकू येतेय. देवाचं नाव घ्यायला गेले, तर तोंडातून ‘बाळ, बाळ’ एवढंच निघालं.

पोचले. घरात बायकांचा घोळका, गाणी चाललेली आणि बाळ पाळण्यात! ते अनवाणी तसेच आत घुसले आणि पाळण्याखाली दोन्ही हात धरून उभे राहिले.

“बाळाला काढा.”

गाणं थांबलं. आत्यानं बाळ उचललं. रघुवीररावांनी हात काढले — आणि काहीच झालं नाही. पाळणा जिथल्या तिथं.

सुशीलाताई संतापल्या. “भाऊ, बारशाच्या दिवशी असला अपशकुन? आणि तो तुमच्याच आकड्यांचा?” कुणीतरी तोंडाला पदर लावून हसलं.

रघुवीररावांना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. तरी हटले नाहीत. बारशात टोपडं घालून फिरवलेला वरवंटा कोपऱ्यात होता. तो त्यांनी पाळण्यात ठेवला आणि झोका दिला. एक. दोन. हसू वाढलं. तिसरा झोका —

कट्.

फरशीला भोक पडलं, मंडळी. टोपडं घातलेला वरवंटा त्यात आडवा. बाळ आत्याच्या खांद्यावर जांभई देत होतं. ताईंनी त्याला ओढून छातीशी धरलं, आणि रघुवीररावांनी वाकून आधी ते टोपडं उचललं.

तीन आठवड्यांनी साचा झाला. पहिला आकडा निघाला. रघुवीररावांनी तो स्वतः लोखंडी शिकंज्यात आवळला आणि पाना चाचांच्या हाती दिला. चाचांना घाम फुटला, तेव्हा कुठं तो मोडला. आजही त्या कारखान्यात पहिला नग देवाचाच असतो. पण आधी मोडतात, मग ते तुकडे देव्हाऱ्यात ठेवतात.

देवानं आपली घंटा पाडून घेतली, बाळ पडू दिलं नाही. स्वतःसाठी भिऊ नका, तिथं तो आहे. पण आपल्या हातच्या कामावर दुसऱ्याचा जीव टांगलेला असेल, तर भ्या, खुशाल भ्या. ती भीती त्याचीच हाक आहे.

आता घरी जाल. तुम्ही घाईत केलेल्या कुठल्या आकड्याला कुणाचं लेकरू झोके घेतंय, ते आठवा. आणि आठवलं, तर प्रसादाला थांबू नका. उठा. विठ्ठल तुमच्या पुढं धावतोय.