अण्णांच्या नावाने सोडलेली जलेबी

...अन् वरून रोज म्हणते काय, "शेखर, जरा गारच आणली रे!" आता तुम्हीच सांगा, बडा फुहारा चौकात हलवायाकडे अर्धा तास लायनीत उभं राहायचं, कढईतून निघालेली खोव्याची काळी जलेबी बांधून घ्यायची, एका हातात पुडा, एका हाताने स्कूटर, मधे दोन गायी... गार होणार नाही तर काय होईल? पण नंदाआत्याला कोण सांगणार! माझ्या अण्णांची धाकटी बहीण. वय ब्याऐंशी, दात चार, मुक्काम सिहोरा. आठ दिवसांपूर्वी बसने आली, चप्पल काढायच्या आधी पहिला प्रश्न, "ती काळी जलेबी मिळते नं अजून?" झालं! तेव्हापासून रोज पावकिलो. ती खाते, अन् मी आपला पाहून राहतो.

काहून? तर मी सोडलेली आहे नं! अकरा वर्षांपूर्वी अण्णा गेले, मी गयेला पिंडदान केलं, तिथले पंडाजी म्हणाले, "जजमान, पिताजी के नाम से कोई प्रिय वस्तु त्यागिए." लोक हुशार असतात हो! कोणी दुधी सोडतो, कोणी कारलं. अन् मी? मी म्हटलं, अण्णांचा जीव कशात? तर खोव्याच्या जलेबीत! सहा दिवस फॅक्टरीत राबायचे, अन् रविवारी सायकल काढून जलेबी आणायचे म्हणजे आणायचेच. आईने बशी पुढे केली की म्हणायचे, "मी दुकानातच खाल्ली." घरी येईपर्यंत दम नाही माणसाला! आम्ही किती हसायचो. तर मी तीच सोडली. अण्णांची आवडती, अन् माझी... माझं तर विचारूच नका!

बरं, आत्या मुकाट्याने खाईल तर शपथ! एकेका घासाला अण्णांची एकेक आठवण. पहिल्या घासाला रत्ना चिंचेवरून पडतो, दुसऱ्याला मॅट्रिक होतो, तिसऱ्याला माझ्या आईला पाहायला जातो अन् घाबरून भलत्याच घरात पोहे खाऊन येतो! अण्णांना 'रत्ना' म्हणणारं हे एकच माणूस उरलंय हो, म्हणून मी हलत नाही तिथून. विभावरी, आमची मंडळी, म्हणते, "अहो, बाहेर जाऊन बसा नं, काहून छळ करून घेता?" पोरगी अवंतिका म्हणते, "पापा, एक पीस से क्या होता है? आजोबा थोड़े ही देख रहे!" मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. तुपाचा वास नाकात, पाणी तोंडात, अन् मी आपला पाहून राहतो.

काल आत्यानेच विचारलं, "तू खात काहून नाहीस रे? शुगर आहे का?" मी छाती फुगवून सांगितलं, "अण्णांच्या नावाने सोडली, आत्या. त्यांची आवडती!"

आत्याचा घास हातातच राहिला. "कोणाची आवडती? रत्नाची? अरे येड्या, त्याला खोवा चालायचाच नाही! मामाच्या लग्नात खोवा खाऊन तीन दिवस आडवा होता, तेव्हापासून वासानेच मळमळायचं त्याला! पुडा मागे कॅरियरला बांधायचा, नाकासमोर नको म्हणून!"

"मग... दर रविवारी?"

"तुझ्यासाठी! मी विचारलं होतं त्याला. तर म्हणे, नंदे, पोरगं खातं नं, मी आपला पाहून राहतो."

तुम्हाला सांगतो... जन्मात कधी 'शाबास' नाही म्हणाला तो माणूस! रिझल्ट दाखवला, "हं." नोकरी लागली, "हं." अन् मी छप्पन्न वर्षांचा बाप्या जलेबीच्या बशीसमोर ढसाढसा रडून राहिलो! विभावरी धावत आली, "काय झालं? बीपी का?" आत्याने तिथल्या तिथे निकाल दिला, "ते सोडणंबिडणं रद्द! उद्यापासून खायची. वर गेल्यावर रत्नाला काय तोंड दाखवू मी?" मी बशीत पाहिलं. बशीत पाक होता.

म्हणून आज अर्धा किलो! हलवाई म्हणाला, "क्यों भैया, मेहमान बढ़ गए?" मी म्हटलं, "आज हम भी बढ़ गए!" अकरा वर्षं, साहेब! स्कूटरवर गात आलो. पुडा उघडतो, तर अवंतिका दोन मैत्रिणींना घेऊन हजर... "वाव अंकल, जलेबी!" घ्या! आत्याचा घास, आठवण, घास, आठवण... अन् बशीत उरली एक. एकच! मी हात पुढे केला. आत्या त्या जलेबीकडे पाहून राहिलेली. चार दात, ब्याऐंशी वर्षं, अन् उद्या सकाळची सिहोऱ्याची बस. हळूच म्हणाली, "तुझी झाली नं रे खाऊन?"

अन् माझ्या तोंडून निघालं काय? "मी दुकानातच खाल्ली."

तिने उचलली हो... अन् मी आपला पाहून राहिलो.