तीनशे ऐंशी ग्रॅमची तूट

जबाब, दिनांक १ जून, सकाळी ११ वाजून १० मिनिटे

माझे नाव सोबत जोडलेल्या ओळखपत्रावर आहे. बाजारात ते कोणाला ठाऊक नाही, सगळे काटेवाले काका म्हणतात. वय ६१ वर्षे, धंदा वजनकाटे दुरुस्ती व तपासणी, परवानाधारक. राहणार दुकानावरची खोली, भाजीबाजारामागची गल्ली.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी चौतीस वर्षे राहतो. चौकशीला आलेल्या मॅडमनी 'सुमारे तीस' लिहिले होते, ते मी दुरुस्त करायला लावले. सुमारे हा शब्द माझ्या धंद्यात चालत नाही.

गेली नऊ वर्षे या ठाण्यात गांजा पकडून आणला की वजनाला मला बोलावतात. मी माझा काटा घेऊन येतो, वजन करतो, माल कापडी पिशवीत घालून तोंड शिवतो, लाखेवर माझा पितळी शिक्का उठवतो आणि पंच म्हणून सही करतो. दर वेळी ठरलेले मानधन मिळते. माझ्या दुकानाचे भाडे त्यातूनच निघते. हे कोणी विचारलेले नाही, तरी लिहून घ्यावे.

माल एक किलोच्या आत भरला तर माणूस दंड भरून संध्याकाळी घरी जातो. किलोच्या वर एक ग्रॅम गेला तरी खटला उभा राहीपर्यंत जामीन नाही. त्यामुळे वजन करताना खोलीतले सगळे काट्याकडे बघत असतात.

माझ्या दुकानासमोर एक बाई इस्त्रीचे टेबल लावते. नवरा नाही, एक मुलगी आहे. इस्त्री केलेल्या शर्टांच्या घडीत पुड्या घालून ती गिऱ्हाइकांना देते, हे सगळ्या गल्लीला माहीत होते. मलाही होते. मागच्या ३ ऑक्टोबरला सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी पोलिसांची गाडी आली. बाई घाबरली आणि तिने टेबलाखालची सगळी पिशवी कपड्यांवर शिंपडायच्या पाण्याच्या बादलीत बुडवली. भिजला की वास जाईल, माल नासला म्हणून सोडून देतील, असे तिला वाटले असावे. मी दुकानातून बघत होतो. काट्याचे काम करणाऱ्या माणसाने तिला तेवढ्यात ओरडून थांबवायला हवे होते. मी ओरडलो नाही.

१२ वाजून १० मिनिटांनी मी ठाण्यात वजन केले. पिशवीतून पाणी टपकत होते, फरशी ओली झाली होती. मी मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदारांना म्हणालो, "हे ओलं आहे. वाळवून मग तोलू."

ते म्हणाले, "काका, वर आकडा कळवायचाय. ओलं काय नि सुकं काय, काट्यावर दिसतं ते बोला."

मी बोललो. एक किलो एकशे चाळीस ग्रॅम. पंचनाम्यात 'ओला' हा शब्द नव्हता. मी तो पूर्ण वाचला आणि सही केली. मला कोणी धमकावले नाही. हट्ट धरला तर पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला बोलावतील, एवढीच भीती होती. सही करून मी चहा घेतला. बाई बाकावर बसली होती. तिने विचारले, "काका, किती भरलं?" मी आकडा सांगितला. ती "बरं" म्हणाली. किलोची हद्द तिला ठाऊक नव्हती.

माल कोणाचा होता, असे विचारल्यावरून सांगतो की, तिला माल आधी धान्यगोदामवाल्या शेठकडून यायचा. त्यांचे काटे वीस वर्षे माझ्याकडे दुरुस्तीला होते. ९ जानेवारीला दुपारी मी गोदामातल्या मोठ्या काट्याखाली आडवा होऊन बोल्ट काढत होतो आणि शेठ पोत्यांवर बसून गप्पा मारत होते. बाईचा विषय मीच काढला. ते म्हणाले, "दुसऱ्याकडून स्वस्तात घ्यायला लागली होती. म्हटलं, खाकीतले पाहुणे पाठवू जरा."

मी विचारले, "शेठ, तुम्हाला कायद्याची भीती नाही वाटत?"

"अहो, कायद्यावरच तर चाललंय आपलं. उद्या बंदी उठली तर कोणीही परसात लावेल, पालेभाजीच्या भावानं विकेल. डोंगरातल्या पिकवणाऱ्याला मी देतो त्याचे इथे तीसपट होतात. माल तोच. वरचे पैसे भीतीचे. बारीकसारीक दोघं आत गेली की भाव चढतो, ठाण्याचा वर्षाचा आकडाही भरतो, वकिलाला काम मिळतं. सगळ्यांचं भागतं, काटेवाले."

त्या सगळ्यांत मीही आलो, हे मला काट्याखालीच कळले. मला स्वतःची लाज वाटली. बोल्ट घट्ट करून मी बाहेर आलो आणि मजुरी घेतली. त्या दिवसापासून शेठचे काम मी सोडले आहे.

गेल्या महिन्यात नष्ट करण्याआधी जुना मुद्देमाल पुन्हा तोलला, तेव्हा हीच पिशवी सातशे साठ ग्रॅम भरली. तीनशे ऐंशी ग्रॅम कमी. हवालदारांनी माल काढून विकला असा संशय येऊन त्यांना कामावरून बाजूला केले. २७ मे रोजी दुपारी ४ वाजता ते बायकोला घेऊन माझ्या दुकानात आले. म्हणाले, "काका, तुम्हीच सांगा आता, ओलं होतं म्हणून. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत हो."

मी म्हणालो, "मी तेव्हा हेच सांगत होतो."

मग ते म्हणाले, "ठाण्याच्या माळ्यावर उन्हानं सुकलं एवढंच सांगा. पहिल्या दिवसाचं कशाला उकरता?"

"हवालदार, उडालेलं पाणी आधी कुठूनतरी आलंच असेल ना," मी म्हणालो. त्यांच्या बायकोने माझ्याकडे पाहिले आणि ती रडू लागली. मला तिचे वाईट वाटले, आजही वाटते.

आज मॅडमनी पिशवी दाखवली. टाके माझे आहेत, निळ्या दोऱ्याचे, दुहेरी. लाख अखंड आहे. शिक्का माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात असतो, तो कधी कोणाच्या हाती दिलेला नाही. पिशवी उघडली गेलेली नाही. हवालदारांनी एक ग्रॅमही चोरलेला नाही. कमी झाले ते बादलीतले पाणी.

म्हणजेच ३ ऑक्टोबरला बाईजवळ एक किलोच्या आतच माल होता आणि दंड भरून ती त्याच संध्याकाळी घरी जायला हवी होती. मॅडम म्हणाल्या, चौकशी तुटीची आहे, बाईचे इथे कशाला. मी म्हणालो, हवालदार सुटतात त्याच पाण्याने बाई सुटते. अर्धे लिहिणार असाल तर मी सही करणार नाही. मग मॅडमनी लिहिले. खोट्या वजनावर सही केल्याबद्दल माझा परवाना जाईल, हे त्यांनी मला समजावून सांगितले. मला ते समजले आहे. शेठबद्दल वेगळा जबाब द्यायला मी येईन.

इस्त्रीचे टेबल आता बाईची मुलगी चालवते. तिने मला वजनाबद्दल एकदाही विचारलेले नाही. आज माझ्या अंगात आहे तो शर्ट तिनेच इस्त्री केलेला आहे.

हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. 'सदर बाई सुमारे आठ महिने तुरुंगात आहे' असे एक वाक्य आले. त्यातले 'सुमारे आठ महिने' खोडून 'दोनशे एकेचाळीस दिवस' असे करवून घेतले आहे व बाजूला सही केली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.