फियाटला बसवलेला काटा

—काट्याची वायर प्लसला नाही ओ बसवराज, मायनसला. कॉइलच्या त्या दुसऱ्या बोल्टला, जिथनं वायर पॉइंटकडं जाते, तिथं. मागच्या वायरमननं प्लसला जोडली आणि काटा शून्यावर बसून राहिला की. प्लसला काय, करंट सरळ येतो, त्यात मोजायचं काय? मायनसला ठिणगीसाठी पॉइंटची उघडझाप चालते, ती मोजून काटा सांगतो इंजिन किती फिरायलंय ते. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुमचं कामच आहे ते. पण मी जन्मभर जिल्हा परिषदेत दुसऱ्यांच्या चुका काढल्या — आता ही खोड जाते होय?

हसताय ना? हसा. फियाटला आरपीएमचा काटा — म्हातारं शर्यतीला निघालं की काय. माझा सुबोध पुण्याला असतो, त्यानं मेसेज केलाय. फोन मी घेत नाही हल्ली — म्हणजे, घरात रेंज नसते. मेसेज केलाय की रविवारी येतो, गाडीला गिऱ्हाईक घेऊन. का? तर शेजारच्या देवयानीनं त्याला कळवलं, काका चालू गाडीला परत सेल्फ मारतात, घर्रर्र आवाज सगळ्या गल्लीत जातो. मारला, नाही कुठं म्हणतोय? काटा शून्यावर, मला वाटलं चालूच झाली नाही. आता इंजिनाचा आवाज असतो, तो येतो की मला, पण गल्लीत गोंगाट किती — काय म्हणालात? ओठ हलले तुमचे. बोनेटमध्ये तोंड घालून बोललात तर कुणाला कळणार?

बरं. येत नाही ऐकू. झालं समाधान?

शकुंतलेला तेवढं माहीत होतं, आमच्या मंडळींना. मी किल्ली फिरवायचो, आणि डाव्या सीटवरनं ती माझ्या गुडघ्यावर टिचकी मारायची — झाली चालू, सोडा. मागनं ट्रकनं हॉर्न दिला तर हातानं खूण करायची. कुणाला पत्ता लागला नाही बघा, पोटच्या पोराला नाही. चैत्रात गेली ती. तेव्हापासनं हे सेल्फचं सुरू झालं. कानाचं मशीन? आहे की, तिनंच घ्यायला लावलं, कपाटात आहे. आता ते घालून ऐकायचं काय, फ्रिज? घरात दुसरं बोलतंय कोण? खोटं कशाला बोलू, लई एकटं वाटतं. तुम्ही आल्यापासनं मी किती बोलायलोय बघा की, एरवी मी असा नाही.

सुबोधला यातलं काही सांगू नका. गाडी गेली की माझं संपलंच. रविवारी त्याच्यासमोर एकदा नीट चालू करून दाखवायची, मग बघू म्हणावं गिऱ्हाइकाचं.

झालं? बसू? थांबा, न्यूट्रलला आहे का बघतो — आहे. फिरवतो हं.

हलला. हलला ओ, आठशेला गेला. आणि किल्ली सोडली मी, बघितलं ना? वेळेवर सोडली. आता कुणी काय बोलून दाखवावं.

काय? जरा तोंड इकडं करून बोला. चक्कर? एक चक्कर मारून बघा म्हणताय. मारायला पाहिजे, व्हय. कुठं जावं? मंद्रूपच्या बाजाराला जायचो आम्ही — पण बाजार आज कुठाय, आणि भाजी आणून करायची कुणी. शकुंतलेची बहीण आहे विजापूर रोडला. तिच्याकडं मी एकटा जाऊन काय बोलू? चहा ठेवील, रडत बसेल. कुठं जायचं ते हीच ठरवायची ओ, मी नुसता चालवायचो. काटा चांगला बसवलात. सारखा आठशेवर आहे. गाडी चालू आहे एवढं कळतंय मला आता, तेवढंच पाहिजे होतं. पण बसवराज —

काही नाही. तुम्ही निघा. बोनेट दाबून लावा जाताना, मी बसतो जरा.