निघालं कोण?

...आणि वर म्हणतात काय, माणसं कमी पडली! अहो, कमी कसली? तुम्हाला सांगतो, चाकणच्या रस्त्यावर कुणी गाडीवरून पडलं तर उचलायला एक सोडून दोन टोळ्या होत्या. एक गावातल्या दादासाहेबांची, त्यांच्याकडे जीप. दुसरी ज्योतीरामची, लातूरकडनं आलेली कंपनीतली पोरं, त्यांना रक्त थांबवता येतं, पट्टी बांधता येते. आता जीपवाल्यांना पट्टी येत नाही, पट्टीवाल्यांकडे जीप नाही... मग एकत्र यायला काय धाड भरलीय? पण नाही! बोलणं बंद! का, तर कधीतरी सत्काराला एकाला शाल मिळाली आणि दुसऱ्याला नुसता नारळ!

पुनावळ्याच्या योगिनीचा नवरा अपघातातून वाचला तो या दोन्ही टोळ्या चुकून एकाच वेळी पोचल्या म्हणून. तेव्हापासून बाईने ध्यासच घेतला. "आधी तुम्ही दोघं बसा, कोण कधी निघणार ते ठरवा, मग ऑनलाइन नवीन माणसं बोलवू." पण ऐकतंय कोण!

दादासाहेब म्हणाले, "पोरी, आमी हितले हाय. आमी कशाला जायचं? त्यांनी यावं की!" ज्योतीराम म्हणाला, "येतो की ताई, पण पहिलं तेनी हाक मारावी." झालं! योगिनी आपली नोकरी सांभाळून या दारातून त्या दारात...

तेवढ्यात दादासाहेबांच्या पुतण्याने, प्रज्वलने, रील टाकलं! "देवदूत व्हा!" खाली ग्रुपची लिंक. योगिनी कळवळून म्हणाली, "अरे थांब, घरच्यांचंच जमेना, पाहुणे कुठं बसवशील?" पण ऐकतंय कोण! दोन्ही टोळ्या ग्रुपवर होत्याच, वर भराभर नवी माणसं आत! दिघीची, तळेगावची, एक तर थेट दुबईचा! सकाळी फुलं, संध्याकाळी सुविचार...

आणि मग कंपनीतली एक पोरगी, दिव्या, पडली. शिफ्ट सुटून स्कूटीवरून निघालेली, कंटेनरचा धक्का लागला. ग्रुपवर मेसेज आला आणि काय सांगू, नुसता सडा! "निघालो." "निघालो भावा." "काळजी घ्या ताई." अंगठे, जोडलेले हात... गाववाल्यांना वाटलं, एवढे निघालेत, म्हणजे कंपनीची पोरं असणारच. पोरांना वाटलं, जीप निघाली. आणि निघालं कोण? कुणीच नाही हो! शेवटी एका टेम्पोवाल्याने तिला उचललं.

जीव वाचला. पाय गेला.

दवाखान्यात दादासाहेब आणि ज्योतीराम एकाच बाकावर, माना खाली. बाकच एक होता! आत दिव्याची आई हंबरडा फोडतेय, आणि पुढ्यात योगिनी. ओरडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "आता तरी ठरवा."

दादासाहेबांनी घसा खाकरला. "ठरवू की. व्हय रं ज्योतीराम?"

"ठरवू की, दादा."

योगिनीचे डोळे भरून आले. वाटलं, सुटली एकदाची गाठ! आणि दोघंही एकदम म्हणाले, "पण ग्रुपचा ॲडमिन कोण?"

तिने प्रज्वलला फोन करून तिथल्या तिथं दोघांनाही ॲडमिन करायला लावलं. ती घरी पोचायच्या आत दादासाहेबांनी ज्योतीरामला ग्रुपमधून काढलं होतं आणि त्याची पोरं आपणहून बाहेर पडली होती. ग्रुप अजून भरलेला आहे हां! "निघालो" म्हणणारे सगळे आत, निघणारे बाहेर.

चाकणला निघालाय का कुणी? सावकाश जा बरं का. आणि पडायचंच झालं, तर मागं टेम्पो आहे का बघून पडा!