झाकन काढा म्हनं

अवो, नावंला वरनं झाकन हाय म्हंजे ते कायतरी कामाचं असंल, एवढं तरी समजाया नको का मानसाला? पर न्हाई. आमच्या सहादेव सुताराला जे समजत न्हाई ते त्यो करवतीनं कापून बघतो. झाकन काढा म्हनं...

तुमाला सांगतो, औंदाची, एकाहत्तर सालची गोष्ट. दसऱ्याच्या पुरात एक गोरा सायब घोड नदीतनं नाव खेळवत आला, आमच्या खडकावर आदळला, खांदा निखळला, आठ दिस माझ्या घरी भाकरी खाल्ली आन जाताना हातवारं करून म्हनला, कारभारी, ही तुला. सगळी प्लास्टिकची हो! गावात प्लास्टिकची बादली एकच, तीबी पाटलाच्या घरात शोभेला टांगलेली. आन ही नाव वरनं पार बंद, पुढनं झाकलेली, मागनं झाकलेली, मदी एक भोक. त्या भोकात गुडघं मोडून एकच मानूस बसनार. एकच, ऐकताय न्हवं?

आता माझं वावर नदीपल्याड. आन आमच्याकडं नदी वलांडायची ती गुळाच्या काहिलीत बसून. पावसाळ्यात काहील रिकामीच असती, मग सोडा पान्यात. तिच्यात नऊ मानसं, दोन शेरडं आन माझी सासू लंकाबाई, जी ह्या काठापासनं त्या काठापतुर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करती. वीस वर्सं ऐकतोय. आन मग ही नाव. बारा दिस मी एकटा गेलो, एकटा आलो. कुनी बोललं न्हाई, कुनी मांडीवर गाठुडं ठिवलं न्हाई. खोटं कशाला सांगू, एकदा मधधारंला वल्हं थांबवून मी रडलो. सुखानं.

बघवतंय व्हय कुनाला? दिवाळी झाली, गुऱ्हाळ लागलं, काहील चढली चुलवानावर, आन सगळा गाव माझ्या दारात. आमची छबूबाई, बायको हो माझी, ती तर घरातनंच फितूर. "अवो, एकट्यानं जाववतंय कसं तुमाला? आई काय उडत जाईल व्हय वावरात?" सासू डोळ्याला पदर लावती, "आमी जड झालो जावयबापूस्नी." झालीच हुती, पर बोलायची सोय हाय का? तवर सहादेव नावंभवती फिरला, टिचकी मारली आन म्हनला, "काहिलीला कुठं झाकन असतंय? झाकन काढा. चार मानसं आरामात बसत्याल." म्हनलं, बाबा, सायब काय येडा हुता का झाकायला? तर म्हनतो, "त्यो एकटाच हुता, कारभारी. त्याला मानसं कुठं हुती?"

काढलं. पुढचं काढलं, मागचं काढलं. छबूबाईनं एक झाकन सरपनावर घातलं, दुसऱ्याखाली कोंबडी बसवली. मला इचारलं कुनी? माझी नाव, माझ्या अंगनात, आन करवतीखाली ती हलू नये म्हनून मीच पायानं दाबून धरलीय!

नारळ फोडला, नाव सोडली. मी, बायको, सासू आन सहादेव. काठाकाठानं झ्याक चालली, सहादेव मिशीला पीळ देतोय. मधधारंला गेलो, आन दोनी कडा फाकाया लागल्या हो... तळ मधनं वर आला, सासू खाली गेली. ती झाकनंच नावंला आवळून धरत हुती, हे मला तवा कळलं, सासू माझ्या मानंला लोंबकळत असताना! नाव घडी होऊन गेली भीमेकडं. आमी कसंबसं काठाला लागलो. सहादेव पानी ओकत काय म्हनतो? "प्लास्टिकच हलकं." झाकन काढा म्हननारा ह्योच बरं का.

आता मी पव्हत जातो. वावर काय चालत येतंय व्हय ह्या काठाला? म्हनलं, चला, पव्हताना तरी एकटा. तर दुसऱ्या दिशी छबूबाई काठावर हुबी, "अवो, चाललाच हाय तर पल्याड रतनबाईला एवढं गाठुडं द्या, डोक्यावर ऱ्हातंय." तिसऱ्या दिशी आक्काबाईचं गाठुडं, मग झुंबरबाईचं... आता डोक्यावर तीन असत्यात आन काठावर समदा गाव, हळू जा, भिजवू नका म्हनत.

काल सहादेव आला, माझ्या डोक्याकडं लई वेळ बघितलं आन म्हनला, "कारभारी, पटका काढा. निस्ती जागा अडवतोय. चौथं बसंल."

काढला. काय करता, सांगा.