व्याह्यांनी काहीच नेलं नाही

...आणि वर मलाच विचारतात, "ड्रूबकराव, आमचं काही चुकलं का?" चुकलं का! अहो, सकाळपासून माझ्या घरात बसलात, पोट फुटेस्तोवर जेवलात, उठलात, निघालात, आणि घरातलं एक साधं बटण उचललं नाहीत? बटण सोडा हो, सुतळीचा तुकडा? खरं सांगतो, तुम्हा माणसांचं मला काही कळतच नाही!

हसताय काय? तुमच्यात चोरी वाईट, ठाऊक आहे मला. पण आम्हा गॉब्लिनांत ज्याच्यावर जीव जडला त्याच्या घरातून काहीतरी लांबवायचंच असतं. परक्याच्या वस्तूला आम्ही बोट लावत नाही, परक्याशी काय करायचंय आपल्याला? पण आपल्या माणसाची एखादी वस्तू आपल्या कोनाड्यात असली, की ते माणूस थोडंसं आपल्याकडे राहिलं, एवढंच. आणि हे मागायचं नाही, सुचवायचं नाही, 'न्या हो' म्हणायचं नाही! सांगून नेली तर ती हमाली झाली. आणि ज्याचं जातं त्याने काय करायचं? आढ्याकडे बघायचं. आपण काही पाहिलंच नाही.

माझी ओग्डा होती ना, बायको माझी, तिने पहिल्या भेटीत माझी टोपी नेली, दुसऱ्या भेटीत टोपीला लावायची पिसं, म्हणजे आधी न्यायची विसरली होती ती. आणि गेली त्या दिवशी... बोलणं बंद झालं होतं तिचं, मी उशाशी बसलेलो, तर हळूच हात पुढे केला आणि माझ्या खिशातली चिलीम काढून घेतली हो मुठीत! मी आढ्याकडे बघत बसलो. मूठ काही सोडली नाही तिने, तशीच पुरली आम्ही तिला. तेव्हापासून मी ओढत नाही. म्हणजे तलफ येते, पण... असो. कुठे होतो आपण? हां, व्याही!

तर आमची पिर्ली, एकुलती एक लेक, बाजारातून आली ती नाचतच. "बाबा, बाबा, एका मुलाने माझा रुमाल चोरला!" मी म्हटलं, वा, मुलगा घरंदाज दिसतो! नंतर कळलं, तो माणसाचा मुलगा, चाकं बनवणाऱ्या बर्नोल्डचा टॉल्विन, आणि रुमाल खाली पडला होता आणि बिचारा तो परत द्यायला सगळा बाजार पालथा घालत होता. परत द्यायला! पण तोवर आमच्या बाईसाहेबांचा जीव गुंतलेला. आता करता काय?

बरं, माझं कर्तव्य मी केलं की नाही? केलं. मी त्यांच्या घरी गेलो, गप्पा मारल्या, आणि व्याह्यांच्या तपकिरीच्या डबीचं झाकण हळूच, अगदी रीतसर, बाहीत सरकवलं. विहीणबाईंनी पाहिलं. हेस्टाबाई. आता त्यांनी आढ्याकडे बघावं ना? छे! "अय्या, आवडली का? घ्या की, सगळी डबीच घ्या! थांबा, कागदात बांधून देते!" तोंडात मारल्यासारखं झालं मला. झाकण घेतलं आणि पळालो.

मग ते आमच्याकडे आले. आमच्यात रीत अशी की लग्नाआधी सासरच्यांनी माहेरातून काहीतरी पळवायचं. नाही पळवलं, तर त्याचा अर्थ पोरगी त्यांच्या घरात येईल, जेवेल, झोपेल, पण तिच्यावर जीव कोणाचा नसेल. तुम्हीच सांगा, कुठल्या बापाला झोप लागेल? म्हणून मी चमचे टेबलाच्या अगदी कडेला मांडले. कपाट उघडं टाकलं. दिवा खुंटीवरून काढून उंबऱ्यात ठेवला, जाता जाता पायात येईल असा. आणि हे आले ते हातात मधाचा केक आणि शाल घेऊन! भेट! आमच्यात भेट म्हणजे काय ठाऊक आहे? 'हे धरा, तुमची आमची फिटंफाट, आता संबंध नको!' पिर्ली म्हणाली, "बाबा, त्यांच्यात प्रेमाने देतात." मी म्हटलं, देऊ देत बापडे, पण नेतील की नाही?

जेवणं झाली. अळंब्यांचा रस्सा व्याह्यांनी पुन्हा पुन्हा वाढून घेतला. मी म्हणालो, "जरा बकऱ्या बघून येतो." मुद्दाम वेळ काढला, बकऱ्याही कंटाळल्या. परत आलो. पण उचललं का काही? छे! पुन्हा म्हणालो, "जरा विहिरीवर जाऊन येतो." आलो तर विहीणबाईंनी चमचे घासून, पुसून, कपाटात लावून कपाट बंद केलेलं! "पसारा दिसला, म्हटलं आवरून टाकू." पसारा! मी पहाटेपासून मांडलेला तो पसारा!

निघाले. आणि तुम्हाला सांगतो, निघताना हेस्टाबाईंच्या पिशवीतून आमच्या डावाचा दांडा बाहेर डोकावताना दिसला! रश्श्याचा डाव, आमचा! पिर्लीने माझा हात असा करकचून धरला. मी आढ्याकडे बघतोय, ती आढ्याकडे बघतेय, दोघांच्या डोळ्यांत पाणी. पोरगी सुखात पडली हो! उतार उतरले, पूल ओलांडला... आणि पुलावरून व्याही परत पळत आले. धापा टाकत. "माफ करा हो! चुकून आला! लाज वाटते अगदी!" आणि डाव माझ्या हातात.

पिर्ली चुलीकडे गेली आणि फुंकत बसली. "धूर फार झालाय, बाबा," म्हणाली. चूल विझलेली होती. काळीज फाटलं माझं, दुसरं काय सांगू?

आणि तेव्हाच व्याही विचारतात, "ड्रूबकराव, आमचं काही चुकलं का?" सांगायची सोय नाही! तेवढ्यात शेजारच्या झुगमाकाकू आल्या. त्यांनी पोरीचं तोंड पाहिलं, माझ्या हातातला डाव पाहिला, चुलीवरचं तांब्याचं भांडं उचललं, पदराखाली घेतलं आणि चालू लागल्या. माउली! मी आढ्याकडे.

"अहो, त्या तुमचं भांडं घेऊन गेल्या!" व्याही ओरडले.

"कुठलं भांडं?" मी म्हटलं, डोळे पुसत.

मग त्यांची नजर कोनाड्यात गेली. तिथे त्यांचं झाकण, खाली मखमल, वर ताजं फूल. झाकणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग हळूच आढ्याकडे बघितलं. आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून पडलो होतो. पाऊल वाजलं. डोळे किलकिले करून बघतो तर व्याही, कमरेत वाकून आत शिरतायत! मी लगेच घोरायला लागलो. पलीकडे पिर्लीही घोरते. ती जन्मात कधी घोरली नाही. व्याह्यांनी चमचा उचलला, ठेवला. दिवा उचलला, ठेवला. पण नेलं का काही? छे! मनात म्हटलं, अरे ने रे बाबा, ने एकदाचं! तर ते दाराशी गेले, पटाशी काढली आणि लागले की दारच उचकटायला!

दार! अख्खं! वरची बिजागरी गंजलेली, ती काही सुटेना. व्याही घामाघूम, तोंडाने शिव्या. आता मी झोपलेला, बोलणार कसा? शेवटी कूस बदलली आणि झोपेत बरळलो, "ऊंऽऽ... आधी खालची... मग वरचीला तेल..."

पटाशीचा आवाज थांबला. मग कुजबुज आली, "बरं."

तेलाची बुधली मी झोपेतच पायाने सरकवली. दार निघालं. बाहेर टॉल्विन होताच दुसरं टोक धरायला. जाताना व्याह्यांचं डोकं चौकटीला असं आपटलं, "आई गं!" मी आणखी मोठ्याने घोरलो, बिचाऱ्यांना ओशाळं वाटू नये म्हणून. पिर्ली तोंडात उशी कोंबून हसत होती की रडत होती, देव जाणे.

लग्न झालं. आता ते दार त्यांच्या घरी पिर्लीच्या खोलीला बसवलंय. आमचं ते बुटकं दार! सगळ्या माणसांना वाकून आत जावं लागतं, आणि व्याही रोज डोकं आपटतात म्हणे, पण दार बदलू देत नाहीत.

आणि इकडे माझे हाल बघा! थंडी सरळ आत येते, बकऱ्या येऊन अंथरुणात बसतात, काल एकीने शाल खाल्ली. नवं दार करू म्हणता? काय डोकं फिरलंय का माझं? गावभरचे गॉब्लिन येऊन ती रिकामी चौकट बघून जातात हो! फक्त झोपताना तेवढं होतं... सवयीने उठतो दार लावायला, आणि लावायला दारच नसतं. मग काय करणार? बसतो आढ्याकडे बघत.